सर्व्हरची नोंदवही का फुगते? डायल-अपच्या नोंदी वाचायला शिकू या



शाळेत जसं हजेरीपत्रक, तशी लिनक्स सर्व्हरची नोंदवही असते. तिला लॉग म्हणतात. डायल-अपच्या काळात ही नोंदवही कधी कधी इतकी फुगायची की डिस्क भरून जाई. मग मुलांचं काम सेव्ह होईना आणि फोनचं बिलही वाढलेलं दिसे. अशा वेळी नोंदीच बंद कराव्यात असं वाटतं. पण मूल रोज उशिरा येतं म्हणून आपण हजेरीपत्रक मिटून ठेवत नाही, कारण शोधतो. इथंही तसंच करायचं.

जोडणी कशी होते?

व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मॉडेम साध्या टेलिफोन लाईनवरून फोन लावायचा. ठाणे शहरात ही लाईन एमटीएनएलची, तर कल्याण-डोंबिवलीत २००० पासून बीएसएनएलची. लिनक्सवर फोन लावण्याचं काम 'चॅट' हा छोटा प्रोग्रॅम करतो आणि पुढची जोडणी 'पीपीपीडी' सांभाळतो. दोघांच्याही नोंदी सिसलॉगमार्फत फाईलमध्ये जातात.

नोंदी वाढण्याची तीन कारणं

१) *डीबग चालू राहणं.* जोडणी बसवताना बारीकसारीक माहिती हवी म्हणून हा पर्याय लावतात आणि काम झाल्यावर काढायचं राहून जातं. मग मॉडेम आणि समोरचा सर्व्हर यांच्यातला प्रत्येक संवाद लिहिला जातो. पर्याय काढला की नोंदी आटोक्यात येतात.

२) *न थकता पुन्हा पुन्हा फोन लावणं.* 'पर्सिस्ट' पर्याय असेल तर जोडणी तुटताच पीपीपीडी पुन्हा प्रयत्न करतो. दोन प्रयत्नांमध्ये तो एरवी ३० सेकंद थांबतो आणि सलग १० अपयशांनंतर सोडून देतो. पण 'मॅक्सफेल' शून्य ठेवलं की ही मर्यादा उरत नाही. मिनिटाला एक प्रयत्न आणि प्रत्येकाच्या १५ ओळी धरल्या, तर दिवसाला १,४४० प्रयत्न आणि २१,६०० ओळी होतात!

भारनियमनाच्या दिवसांत हे सहज घडे. सर्व्हर यूपीएसवर चालू, मॉडेमचा प्लग मात्र साध्या बोर्डावर. वीज गेली की सर्व्हर बंद मॉडेमला हाका मारत बसे.

म्हणून शेवटची ओळ नीट वाचा. 'नो डायलटोन' असेल तर लाईन तपासा. 'बिझी' असेल तर थांबण्याची वेळ वाढवा. 'ऑथेंटिकेशन फेल्ड' असेल तर पासवर्ड तपासा, आणि तोही ताबडतोब. कारण इथं फोन लागलेला असतो, म्हणजे इंटरनेट न मिळताही कॉल मोजला जातो.

३) *कुणीतरी आतून मागणी करणं.* 'डिमांड' पद्धतीत कुणाला इंटरनेट हवं असेल तेव्हाच फोन लागतो. पण प्रयोगशाळेतले विंडोज संगणक एकमेकांची नावंसुद्धा डीएनएसकडे विचारतात. तो प्रश्न बाहेर निघाला की झाला फोन सुरू! ओळखायचं कसं? पीपीपीडी जोडणी किती मिनिटं टिकली आणि किती बाईट गेले-आले हे लिहितो. रात्री शाळा बंद असताना थोड्याशा बाईटच्या अनेक जोडण्या दिसल्या, तर कारण हेच समजा. त्या संगणकांची नावं सर्व्हरवरच नोंदवा, म्हणजे उत्तर घरातच मिळेल.

मग फाईलचं काय?

कारण दूर झाल्यावर 'लॉगरोटेट' लावा. दर आठवड्याला नवी फाईल आणि मागच्या चार जपायच्या, एवढं शाळेला पुरतं. चालू फाईल नुसती डिलीट करू नका. सिसलॉगने ती उघडी धरलेली असते, त्यामुळे तो पुन्हा सुरू होईपर्यंत डिस्कवरची जागा मोकळी होत नाही.

आता डायल-अप गेलं, पण ब्रॉडबँडची पीपीपीओई जोडणी लिनक्सवर बऱ्याचदा हाच पीपीपीडी सांभाळतो. म्हणून हा पाठ अजूनही उपयोगी आहे. आठवी-नववीच्या मुलांना एका दिवसाच्या नोंदी छापून द्या. तासागणिक किती जोडण्या झाल्या याचा स्तंभालेख काढायला सांगा आणि सर्वांत उंच स्तंभ त्याच तासाला का, हे विचारा. उत्तर शोधता शोधता मुलं आलेखही शिकतील आणि कारण शोधायलाही.