ग्रह किती? आठ, नऊ की अकरा?

शाळा सुरू होण्याच्या दिवसांत सूर्यमालेचा तक्ता घ्यायला आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत गेलो होतो. दुकानदाराने दोन तक्ते समोर ठेवले आणि विचारले, "सर, आठवाला देऊ की नऊवाला?" नऊवाला जुन्या छपाईचा होता; त्यात प्लुटो होता. शेजारी एक आजोबा पंचांग चाळत उभे होते. ते म्हणाले, "नवग्रहांचे आठ कसे होतील? शास्त्रज्ञांनी मनाला येईल तसे बदलायचे आणि पोरांनी पाठ करायचे!"

आजोबांच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या होत्या. पण त्यांच्या रागामागचा प्रश्न रास्त आहे, आणि तो आपल्या वर्गातही येतो. ग्रहांची संख्या मतदानाने ठरत असेल, तर विज्ञानावर विश्वास कसा ठेवायचा?

आधी नवग्रहांचे पाहू. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू आणि केतू हे आपल्या परंपरेतले नऊ ग्रह. पाठ्यपुस्तकातलेही नऊ होते, म्हणून दोन्ही याद्या एकच असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात या यादीत पृथ्वी नाही आणि प्लुटोही नाही. उलट सूर्य आणि चंद्र आहेत. राहू व केतू तर गोलच नव्हेत. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला ज्या दोन ठिकाणी छेदते, ते हे बिंदू. तेव्हा प्लुटो गेला म्हणून नवग्रहांतले काही कमी झाले नाही.

परंतु ही यादी चुकीची म्हणून हसण्यासारखीही नाही. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जे सरकताना दिसते ते ग्रह, अशी व्याख्या केली, तर सूर्य आणि चंद्र त्यात येणारच. पायाखालची पृथ्वी येणार नाही. १५४३ साली कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढे 'सूर्याभोवती फिरतो तो ग्रह' ही कल्पना रुजली. मग सूर्य यादीतून गेला, चंद्र उपग्रह झाला आणि पृथ्वी ग्रह झाली. या बदलापुढे प्लुटोचे प्रकरण किरकोळच म्हटले पाहिजे.

१७८१ मध्ये युरेनस सापडला. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझी यांना मंगळ व गुरू यांच्या दरम्यान सेरेस दिसला. पुढच्या सहा वर्षांत त्याच पट्ट्यात पॅलास, जुनो व वेस्टा सापडले. हे चौघेही ग्रह मानले गेले आणि ग्रहांची संख्या अकरा झाली! १८४५ नंतर मात्र त्या पट्ट्यात एकामागून एक गोल सापडू लागले. शेवटी त्या सर्वांना लघुग्रह म्हणून वेगळे काढावे लागले. हा बदल तज्ज्ञांच्या कोष्टकांत हळूहळू झाला. प्लुटोचा मात्र एका दिवसात, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झाला.

प्लुटो १९३० साली अमेरिकेतल्या क्लाइड टॉम्बाँ यांनी शोधला. त्याचा व्यास सुमारे २३७७ किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्रापेक्षाही (३४७५ किलोमीटर) लहान. १९९२ पासून नेपच्यूनपलीकडे प्लुटोसारखे बर्फाळ गोल सापडू लागले. २००५ मध्ये एरिसच्या शोधाची घोषणा झाली. त्याचे वस्तुमान प्लुटोच्या सुमारे सव्वापट आहे. आता प्लुटो ग्रह, तर एरिस का नाही? सेरेसच्या वेळचाच पेच पुन्हा समोर आला.

२४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने तीन अटी ठरवल्या. ग्रहाने सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळजवळ गोल आकार घेतलेला असावा आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. पहिल्या दोन अटी प्लुटो पुऱ्या करतो. तिसरीत तो अडतो.

ही तिसरी अट मुलांना अवघड वाटते. आम्ही गुलमंडीचेच उदाहरण देतो. दिवाळीच्या गर्दीत हातगाडीवाल्याला गर्दीबरोबरच सरकावे लागते. पण एखादा मोकाट बैल आला की लोक आपोआप बाजूला होतात. गुरू, पृथ्वी, नेपच्यून हे बैलासारखे. कक्षेवर त्यांची सत्ता आहे. प्लुटो हातगाडीसारखा. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा त्याच्या दोन होतात, आणि हा मेळ नेपच्यूनच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेला आहे. म्हणून प्लुटो, एरिस व सेरेस यांना बटुग्रह म्हणतात.

लोकांना हे आवडले नाही. न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणाने २००० साली प्लुटोला ग्रहांच्या रांगेतून वगळले, तेव्हाच मुलांची रागावलेली पत्रे आली होती. टॉम्बाँ ज्या न्यू मेक्सिको राज्यात राहिले, तिथल्या प्रतिनिधिगृहाने मार्च २००७ मध्ये प्लुटोला ग्रहच मानण्याचा ठराव केला. शास्त्रज्ञांतही एकमत नव्हते. संघाचे हजारो सदस्य असताना प्रागला मत देणारे चारशेहून थोडे अधिकच होते, हा आक्षेप घेतला गेला आणि तिसऱ्या अटीवर आजही वाद होतो.

अभिमान दुखावायचा, तर मराठी माणसालाही कारण आहे. पेशाने शिक्षक असलेले ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ मध्ये नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे फ्रान्समधील खगोलशास्त्रीय नियतकालिकात मांडले. त्यांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. ब्रह्म्याचा परिभ्रमण काळ त्यांनी सुमारे २४२ वर्षे काढला होता; प्लुटोचा सुमारे २४८ वर्षे निघाला. आकडे जवळ आले, पण विष्णू आजवर सापडला नाही. केतकरांविषयी आदर ठेवूनही एवढ्यावरून भाकीत सिद्ध झाले म्हणता येत नाही. तसेच प्लुटोवर आपला जीव आहे म्हणून तो ग्रह ठरत नाही.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येऊ. मतदान झाले ते 'ग्रह' या शब्दाच्या अर्थावर. प्लुटोचा व्यास, त्याची कक्षा, त्याचे पाच चंद्र यांवर कोणी मत दिले नाही. देताही येत नाही. जुलै २०१५ मध्ये 'न्यू होरायझन्स' यान त्याच्याजवळून गेले आणि बर्फाची विस्तीर्ण मैदाने दिसली. ती बटुग्रहावर आहेत की ग्रहावर, याने मैदानांत फरक पडत नाही. वर्गीकरण आपण सोयीसाठी करतो. माहिती वाढली की कप्पे बदलावे लागतात. ते बदलण्याची तयारी हे विज्ञानाचे बळ आहे. पण आपण मुलांना फक्त नावे पाठ करायला लावली, तर त्यांना तो लहरीपणा वाटणारच. ती चूक आपली.

म्हणून एक तास असा घेऊन पाहा. सूर्य, चंद्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, सेरेस, प्लुटो, एरिस अशा चिठ्ठ्या करा. प्रत्येकीवर व्यास, ती वस्तू कशाभोवती फिरते आणि कक्षेत सोबती आहेत का, हे लिहा. मुलांचे तीन गट करा. पहिल्याने 'आकाशात सरकतो तो ग्रह', दुसऱ्याने 'सूर्याभोवती फिरतो तो ग्रह' आणि तिसऱ्याने २००६ चे तीन नियम लावून याद्या कराव्यात. याद्या वेगळ्या येतील, चिठ्ठ्यांवरची माहिती मात्र तीच राहील. हे एकदा मुलांच्या हाताखालून गेले, की घरी कोणी विचारल्यावर ती नुसते 'आठ' म्हणून थांबणार नाहीत. का आठ, तेही सांगतील.

गुलमंडीतून आम्ही शेवटी दोन्ही तक्ते घेतले. वर्गात ते शेजारी शेजारी लावले आहेत.