पेन्शनींत निघाल्यावर

आपल्या भाषेंत 'निवृत्ति' हा शब्द दोन अर्थांनीं येतो. शास्त्रग्रंथांत त्याचा अर्थ विषयांपासून मन मागें घेणें असा आहे. कचेरींत त्याचा अर्थ नोकरीची मुदत संपणें एवढाच आहे. पहिली निवृत्ति माणूस अंतरींच्या पालटामुळें, आपखुषीनें स्वीकारतो. दुसरी त्याच्या जन्मतारखेच्या आधारें त्याला दिली जाते. ज्या दिवशीं हार घालून, नारळ देऊन आणि सर्वांचें एकत्र छायाचित्र घेऊन कचेरी त्याला निरोप देते, त्या दिवशीं संध्याकाळीं त्याचें मन आदल्या दिवशीं होतें तसेंच असतें. कामाची हौस संपलेली नसते, मान हवाच असतो, चार माणसांत बसावें असें वाटतच असतें. नोकरी सुटते, वृत्ति सुटत नाहीं. पेन्शनींत निघालेल्या माणसाच्या पुष्कळशा दुःखाचें मूळ या दोन अर्थांच्या घोटाळ्यांत आहे, आणि त्याचाच थोडा विचार आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

हा प्रश्न पूर्वीं एवढा मोठा नव्हता. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास आपल्याकडे जन्मणाऱ्या मुलाचें सरासरी आयुष्य अवघें ३२ वर्षांच्या आसपास होतें. आज तें ७० च्या घरांत आहे. मध्यवर्ती सरकारच्या नोकरांचें निवृत्तीचें वय १९६२ सालीं ५५ वरून ५८ वर आणि १९९८ सालीं ६० वर गेलें. तरीहि साठी गाठलेल्या माणसाच्या वांट्याला आतां सरासरीनें आणखी सतरा-अठरा वर्षें येतात. पहिल्या इयत्तेंत पाऊल टाकल्यापासून पदवी हातीं येईपर्यंत जेवढा काल जातो, त्याहून हा काल मोठा आहे. त्या पहिल्या कालासाठीं अभ्यासक्रम असतो, वेळापत्रक असतें, गुरुजी असतात. या दुसऱ्या कालासाठीं कोणीहि कांहीं आंखून ठेवलेलें नसतें. ज्यांना पेन्शनच नाहीं, त्यांच्यापुढें पोटाचा प्रश्न आधीं उभा राहतो आणि त्याचें महत्त्व मी कमी लेखीत नाहीं. परंतु ज्यांची भाकरीची सोय झाली आहे, त्यांच्याहि घरांत एक निराळीच उपासमार चालूं असते. तिच्याविषयीं मी बोलत आहें.

नोकरी माणसाला पगाराशिवाय आणखी चार गोष्टी देत असते, आणि त्या न मागतां मिळत असल्यामुळें त्यांची किंमत त्याला कळत नाहीं. पहिली गोष्ट म्हणजे दिवसाला आलेला आकार: अमुक वाजतां उठावयाचें, अमुक गाडी गांठावयाची. दुसरी, सोबत, तिला मैत्री म्हणतां येईलच असें नाहीं, पण रोज दहा ओळखीचे चेहरे दिसतात आणि चहाबरोबर दोन गोष्टी होतात. तिसरी, आपल्यावांचून कांहीं तरी अडतें ही जाणीव. चौथी, लोकांत सांगतां येईल असें नांव: मामलेदार, मुख्याध्यापिका, स्टेशनमास्तर. पगाराच्या जागीं पेन्शन येते. या चार गोष्टींच्या जागीं कांहींच येत नाहीं. दरवर्षीं नोव्हेंबर महिन्यांत पेन्शनदारास हयातीचा दाखला द्यावा लागतो. सरकारला विचारावयाचा प्रश्न तेवढाच आहे: आपण जिवंत आहां ना? जिवंत आहां तें कशासाठीं, हें विचारण्याचें काम सरकारचें नव्हे. त्याचें उत्तर ज्याचें त्यानेंच शोधावयाचें असतें.

बहुतेक पुरुष तें उत्तर प्रथम घरांत शोधूं लागतात, आणि तेथेंच पहिली ठेंच लागते. तीस-पस्तीस वर्षें ज्या घरांत ते सकाळ-संध्याकाळचे पाहुणे होते, त्या घराची एक व्यवस्था त्यांच्या पश्चात् बसून गेलेली असते. दूध किती घ्यावयाचें, मोलकरीण केव्हां यावयाची, डाळीचा डबा कोठें ठेवावयाचा, हें सारें गृहिणीनें ठरविलेलें असतें. आतां हे गृहस्थ दिवसभर घरीं बसतात, आणि हाताखालचे कारकून नाहींसे झाल्यामुळें देखरेखीची संवय स्वयंपाकघरावर वळते. दिवा कां जळतो आहे, भाजी एवढी महाग कां आणली, असे शेरे सुरू होतात. गृहिणीला मात्र कोणी कधीं निरोपाचा नारळ दिलेला नसतो. तिची नोकरी चालूंच असते, आणि आतां तिच्यावर एक वरिष्ठ अधिकारी नेमला गेलेला असतो! यावर उपाय साधा आहे. घरांतलें एखादें काम मागून घ्यावें आणि तें सबंध आपलें करावें. बाजार आणावयाचा तर पिशवी घेऊन निघण्यापासून भाजी निवडून ठेवण्यापर्यंत सारें आपणच करावें. काम अंगावर घेणाऱ्या माणसाला घरांत जागा मिळते. कामावर नजर ठेवणाऱ्याला ती मिळत नाहीं.

नोकरी करून निवृत्त झालेल्या स्त्रियांचें दुखणें याच्या उलट आहे. त्यांना काम शोधावें लागत नाहीं; कामच त्यांची वाट पाहात असतें. 'आतां आई घरींच आहे' या एका वाक्यासरशीं नातवंडें, पाहुणे आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यांच्याकडे येतो. नातवंडांत सुख आहे हें कोण नाकारील? पण जें सुख नाकारण्याची मुभाच नाहीं, त्याचा हळूहळू भार होऊं लागतो. अशा घरांत आईला दिवसाचे दोन तास पूर्णपणें तिचे म्हणून राखून देणें, ही मुलांनीं तिला द्यावयाची खरी पेन्शन होय.

आतां निवृत्तीनंतरच माणसाचें मोठें काम कसें घडूं शकतें, याचीं दोन उदाहरणें आपल्याच इतिहासांत आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई हे बडोदें संस्थानच्या नोकरींत होते. १९२५ सालीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, ते निवृत्त झाले आणि पुणें-लोणावळें यांच्या दरम्यान असलेल्या कामशेत येथें जाऊन राहिले. त्यानंतर पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग त्यांच्या संपादनाखालीं १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पांच वर्षांत बाहेर पडले. आणि मराठ्यांचा नवा इतिहास त्यांनीं इंग्रजींत तीन खंडांत प्रसिद्ध केला, तेव्हां ते ऐंशी ओलांडून गेले होते. दुसरें उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचें. फर्ग्युसन कॉलेजांतून ते १९१४ सालीं निवृत्त झाले. स्त्रियांचें विद्यापीठ त्यांनीं काढलें तें त्यानंतर, १९१६ सालीं. एकाहत्तराव्या वर्षीं ते जगप्रवासास निघाले आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, १९३६ सालीं, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं त्यांनीं नवें मंडळ स्थापन केलें. १९६२ सालीं ते वारले तेव्हां त्यांचें वय १०४ होतें.

हीं नांवें ऐकून सामान्य माणूस बिचकतो. 'आम्ही कोठें आणि ते कोठें!' असें त्याला वाटतें. पण या दोन चरित्रांत आपणांस घेण्यासारखें जें आहे, तें त्यांच्या कामाचें आकारमान नव्हे. त्याची सुरुवात केव्हां झाली हें आहे. सरदेसायांच्या रियासतीचा पहिला ग्रंथ १८९८ सालीं, म्हणजे पेन्शनीच्या सत्तावीस वर्षें आधीं, प्रसिद्ध झाला होता. कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम १८९६ सालीं काढला, तेव्हां ते कॉलेजांत गणित शिकवीत होते. निवृत्तीनें त्यांना नवें जीवन दिलें नाहीं. नोकरीच्या कडेकडेनें वाढविलेल्या रोपाला मोकळें रान मिळवून दिलें. 'पेन्शनींत गेल्यावर पाहूं' असें जो म्हणतो, त्याच्याजवळ त्या दिवशीं पाहण्यासारखें कांहीं नसतें. पन्नाशी उलटली कीं आठवड्यांतून एक संध्याकाळ तरी नोकरीबाह्य अशा एखाद्या गोष्टीला द्यावयास आरंभ करावा.

ती गोष्ट लहान असली तरी चालते. १९७६ सालीं एलेन लँगर आणि ज्यूडिथ रॉडिन या दोन अमेरिकन विदुषींनीं एका वृद्धनिवासांत केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यांत आलें कीं, आपल्या खोलीची मांडणी कशी करावी, वेळ कसा घालवावा, हें तुमचें तुम्हीं ठरवावें. आणि प्रत्येकाला एक रोपटें देऊन त्याची निगा त्याच्यावरच सोंपविली. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांनाहि रोपटीं मिळालीं, पण त्यांना सांगितलें कीं, पाणी परिचारिका घालतील, तुमची सर्व काळजी आम्ही घेऊं. तीन आठवड्यांनीं पाहतां पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक हुशारीनें वागणारे, अधिक हिंडते-फिरते आणि अधिक आनंदी आढळले. रोपटें दोघांजवळहि होतें. पाणी घालण्याचा हक्क एकाजवळच होता.

तरुण मुलांनीं आणि सुनांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. 'बाबा, तुम्ही आतां स्वस्थ बसा, आम्ही पाहूं' हें वाक्य मायेनें उच्चारलेलें असतें, यांत शंका नाहीं. पण विजेचें बिल भरणें, कुंडीला पाणी घालणें, नातवाला शाळेंत पोंचविणें हीं कामें एकेक करून म्हाताऱ्या हातांतून काढून घेतलीं, कीं त्या हातांना आपण निरुपयोगी झालों असें वाटूं लागतें. थोडा उशीर झाला, थोडें सांडलें, तरी चालेल. काम काढून घेऊं नये.

घराबाहेरहि पुष्कळ कामें माणसांवांचून पडून आहेत. फ्रान्समधील तुलूझ येथें १९७३ सालीं वृद्धांसाठीं एक विद्यापीठ निघालें. पुढें इंग्लंडमध्यें त्याच कल्पनेला निराळें वळण मिळालें आणि तेथील वृद्ध मंडळी एकमेकांनाच शिकवूं लागलीं. निवृत्त अभियंता इतिहास शिकतो आणि इतिहासाची अध्यापिका त्याच्याकडून घड्याळ दुरुस्त करावयास शिकते. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ गांवोगांव आहेत. तेथें वाढदिवस आणि व्याख्यानें यांबरोबर असे वर्ग सहज चालतील. मोडी लिपीचेंच पाहा. पुण्याच्या पुराभिलेखागारांत मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत, आणि ते वाचूं शकणारीं माणसें थोडीं आहेत. रोज तासभर बसणाऱ्याला ही लिपि कांहीं महिन्यांत वाचतां येऊं लागते. ज्याला असे कागद नकोत, त्यानें शेजारच्या दोन मुलांचें गणित घ्यावें किंवा वाचनालयाचीं पुस्तकें बांधावीं. शरीराकडेहि दुर्लक्ष नको: आठवड्याला निदान दीडशें मिनिटें चालण्यासारखा व्यायाम आणि तोल सांभाळण्याचा थोडा सराव वृद्धांसहि करावा, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे.

शेवटीं एक अवघड गोष्ट. जोडप्यांपैकीं एक आधीं जाणार, हें सर्वांना ठाऊक असतें आणि त्याविषयीं कोणी बोलत नाहीं. ज्याला कधीं चहाहि करतां आला नाहीं तो गृहस्थ, आणि जिनें कधीं बँकेच्या कागदावर सही केली नाहीं ती गृहिणी, अशा वेळीं दुहेरी पोरकीं होतात. म्हणून दोघेंहि आहेत तोंवरच त्यानें वरणभात शिकावा आणि तिनें पासबुक वाचावयास शिकावें. एकमेकांना शिकवितांना जो वेळ जातो, तो पुढें आठवणींतहि सोबत करतो. तसेंच आपल्याहून दहा-पंधरा वर्षांनीं लहान अशीं एक-दोन माणसें स्नेहांत असावीं. बरोबरीचे मित्र एकेक करून कमी होत जातात.

नुसतें कामांत गुंतून राहणें म्हणजे समाधान नव्हे. वर्तमानपत्र दोनदां वाचूनहि दिवस भरतो, पण मन भरत नाहीं. आपला दिवस बरा चालला आहे कीं नाहीं हें पाहावयाचें असेल, तर स्वतःला एवढेंच विचारावें: उद्यां मी गेलों नाहीं, तर माझी वाट पाहणारें कोणी आहे काय? तें एखादें मूल असेल, आजारी शेजारी असेल, वाचनालयांतलें टेबल असेल किंवा गच्चीवरची तुळस असेल. उत्तर 'नाहीं' असें आलें, तर साठीच्या माणसापुढें तें बदलण्यासाठीं अजून बरींच वर्षें आहेत. त्यांचा आरंभ उद्यां सकाळींच करतां येईल.