झुडपाचे फूल पाहावे, मग टिपावे

पहाटेची वेळ असते. नंदाखालच्या वाडीत अजून नीट उजाडलेले नसते. पण मोगऱ्याच्या ओळींतून माणसांचे हात भराभर चालत असतात. कळ्या खुडून टोपलीत पडतात. माल विरारला जातो. तेथून लोकलने दादरच्या फूलबाजारात जातो. संध्याकाळी ती कळी उमलते, पण मुंबईत, कुणाच्या तरी गजऱ्यात!

गंमत पाहा. ज्याने झुडूप लावले, पाणी घातले, त्यालाच त्याचे फूल उमललेले दिसत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. एका झुडपावर एक कळी राहू द्या. एका कळीने कुणाचे घर बुडत नाही. संध्याकाळी तिच्यापाशी घटकाभर बसा आणि पाहा.

पाहायचे ते काय? जास्वंदीचेच घ्या. लाल जास्वंद आपण रोज पाहतो. पण तिच्या पाकळ्या किती? साध्या जास्वंदीला पाच. मधोमध एक लांब दांडी असते. तिच्यावर बारीक पिवळे दाणे दिसतात. त्यांत पराग असतो. दांडीच्या अगदी टोकाला पाच इवलेसे गोल ठिपके असतात. परागाचा कण या ठिपक्यांवर पडला, तर बी धरण्याची आशा असते. एवढा सारा संसार, पण फुलाचे आयुष्य बहुतेक एकाच दिवसाचे! आज पाहिले नाही, तर ते फूल पुन्हा दिसणार नाही.

आता कुंपणावरची बोगनवेल पाहा. तिला आपण कागदी फूल म्हणतो. लाल, जांभळ्या रंगाने कुंपण झाकून जाते. पण तो रंग पाकळ्यांचा नाही हो! ती रंगीत पाने आहेत. त्यांच्या मध्ये नीट पाहा. बारीक पांढरी नळीसारखी फुले दिसतील. तीच खरी फुले. ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेची. बुगनविल नावाचा एक फ्रेंच दर्यावर्दी १७६७ साली ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. त्याच्या जहाजांवरच्या वनस्पती जाणणाऱ्या माणसाला ती तिथे दिसली. कप्तानाचे नाव वेलीला मिळाले. परदेशची पाहुणी आज आपल्या कुंपणावर घरचीच झाली आहे.

पाहून झाले, की फोटो काढावा. आता पुष्कळ घरांत मोबाइल फोन आहे. आधी फोनच्या मागची काच मऊ फडक्याने पुसा. सकाळचे कोवळे ऊन बरे. भर दुपारी पांढरा मोगरा नुसता डागासारखा दिसतो. ऊन आपल्या पाठीशी घ्या, पण आपली सावली फुलावर पडू देऊ नका. फोनच्या पडद्यावर फुलाला बोट लावा, म्हणजे ते स्पष्ट होते. फार जवळ गेल्याने अंधुक दिसले, तर थोडे मागे सरा. वारा थांबेपर्यंत दम धरा. एक फोटो फुलाचा काढा, एक पानांसकट साऱ्या झुडपाचा.

फोटोसाठी फूल तोडायला नको. कण्हेरीला तर उगाच हात लावूच नका. फूल देखणे, पण झाड सारे विषारी. तिची पाने-फुले मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

फोटोचा दुसराही उपयोग आहे. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे काही दिसले, तर तो पिठ्या ढेकूण असू शकतो. त्याचा जवळून फोटो काढा आणि शेतकी खात्याच्या माणसाला दाखवा. नुसते तोंडाने सांगण्यापेक्षा ते लवकर कळते.

आणखी एक करा. वहीत झुडपाचे नाव, जागा आणि तारीख लिहा. तुम्हांला आता लिहिता येते ना? मग ते हाताशी आणा.

असे का म्हणतो? वसई-विरार भागात वाड्या कमी होत आहेत. बावखले बुजली, तिथे इमारती उठल्या. कुंपण गेले, की कुंपणावरची फुलेही जातात. फोटोने झुडूप वाचत नाही, हे आम्हांला कळते. पण जो रोज पाहतो, त्याच्या हातून झुडूप सहसा उपटले जात नाही. एखादे तोडावेच लागले, तर आधी त्याची फांदी तोडून दुसरीकडे लावतो. जास्वंद फांदीवरूनच जगते.

तेव्हा उद्या सकाळी वाडीत जा. फोन खिशातच ठेवा. आधी डोळे भरून पाहा.