श्वानांचे सांधे (भाग ४) : गुण आला, हे ठरवायचे कोणी?

सांधेदुखीच्या कुत्र्याला हळद, होमिओपॅथी किंवा अ‍ॅक्युपंक्चर सुरू केले आणि तो पुन्हा जिना चढू लागला, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे: माणसाला श्रद्धेने बरे वाटेल, पण मुक्या जनावराला गोळी खरी की खोटी हे कुठे कळते? कुत्र्याला कळत नाही हे खरेच, पण पाहणाऱ्याला कळते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सांधेदुखीने लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या होत्या. प्रत्येक पाय जमिनीवर किती जोर देतो, हे यंत्राने मोजले जात होते. यंत्रावर फरक दिसत नसतानाही निम्म्याहून अधिक मालकांना लंगडणे कमी वाटले आणि पशुवैद्यांचीही बऱ्याच वेळा तशीच फसगत झाली. शिवाय हे दुखणे मुळातच कमी-जास्त होणारे. नवा उपाय आपण सुरू करतो तो दुखणे ऐन भरात असताना, आणि त्यानंतर ते आपोआप ओसरले तरी श्रेय उपायाला जाते.

म्हणून उपचार पर्यायी की रूढ, यापेक्षा तो मोजमापाला उतरतो का, हे मला महत्त्वाचे वाटते. कारप्रोफेन, मेलॉक्सिकॅम ही वेदनाशामके यंत्रावरच्या चाचण्यांतही उतरली आहेत. माशाच्या तेलातले ओमेगा-३ ‘पर्यायी’ गणले जाते, तरी त्याच्या बाजूने बऱ्यापैकी पुरावा आहे. उलट ज्यावर बराच पैसा खर्च होतो त्या ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा उपयोग २०२२ च्या एका व्यापक आढाव्यात दिसला नाही. अ‍ॅक्युपंक्चरच्या चाचण्या थोड्या, लहान आणि परस्परविरोधी आहेत. आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय दोन्ही दुकानांत मिळत नाही: वजन. लठ्ठ कुत्र्यांचे वजन सहा टक्क्यांच्या आसपास उतरले, तेव्हा लंगडणे मोजता येण्याइतके घटले. पस्तीस किलोच्या लॅब्रॅडॉरसाठी हे जेमतेम दोन किलो, म्हणजे चहाबरोबरची बिस्किटे आणि जेवताना ताटातून दिलेली पोळी बंद करण्याइतकी गोष्ट.

वेदनाशामकांनी पोट, यकृत, मूत्रपिंड बिघडते, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच ती सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने रक्ततपासणी हवी. उलट्या किंवा काळी शी दिसली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठावेत. आपल्यासाठी आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. त्याच्या पोटात व्रण होऊन ती जिवावर बेतू शकते. ‘हळदीने निदान अपाय तर नाही’ या समजुतीवर विसंबून महिने घालवणे मला पटत नाही. कुत्रा दुखते म्हणून ओरडतोच असे नाही. तो उठताना वेळ लावतो, एकच सांधा चाटत बसतो, मागच्या मांड्या बारीक होत जातात. तेव्हा कोणताही उपाय सुरू करण्याआधी त्याचे चालणे आणि जिना चढणे मोबाइलवर चित्रित करा, महिन्याने त्याच जागी पुन्हा करा, आणि दोन्ही चित्रफिती उपाय ठाऊक नसलेल्या माणसाला, कोणती आधीची हे न सांगता दाखवा.