साइट हवी साइझ झीरो!

वजन हा आपल्या पिढीचा फेव्हरिट टॉपिक. कँटीनमध्ये वडापावच्या कॅलरीज मोजल्या जातात, ग्रीन टी ढोसला जातो. पण ज्या वेबसाइट्सवर आपण दिवसभर पडीक असतो, त्यांचं वजन कधी विचारलंय? २०१०च्या अखेरीस सर्वसाधारण वेबपेज अर्ध्या एमबीत मावायचं. आज ते अडीच एमबीच्या घरात गेलंय. म्हणजे पाचपट! मजकूर काही पाचपट झालेला नाही. वाढलीय ती चरबी: आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, सरकते बॅनर, जाहिरातींचे ट्रॅकर आणि पडद्याआड धावणारं ढीगभर जावास्क्रिप्ट.

ऑफिसच्या वायफायवर हे जाणवत नाही. मी मूळची चंद्रपूरची, म्हणून मला जाणवतं. १९८२ मध्ये आमच्याच जिल्ह्यातून वेगळा झालेला गडचिरोली म्हणजे मैलोन् मैल जंगल. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा रस्ता बंद. अशा नक्षलग्रस्त भागांतल्या टॉवरवर वर्षानुवर्षं टूजीच होतं. महाराष्ट्रासह दहा राज्यांतले असे २,३४३ टॉवर फोरजी करायला केंद्रानं मंजुरी दिली, तीही एप्रिल २०२२ मध्ये. फोरजी आलं तरी टॉवरपासून लांब, दाट झाडीत सिग्नल एका कांडीवर येतोच.

माझा मामेभाऊ एटापल्लीच्या पुढच्या एका गावात शिक्षक आहे. शाळेतल्या पोरांचे ऑनलाइन फॉर्म तोच भरून देतो. मागे एका फॉर्मची शेवटची तारीख होती. त्याचा फोन आला, "ताई, साइट उघडतच नाही न बाप्पा! चाक फिरूनच राहिलं. तू भर तिकडून." मी पुण्यातून भरला. पानावर वरती मोठ्ठा सरकता बॅनर, खाली नेत्यांचे फोटो आणि त्याखाली कुठेतरी फॉर्म. हवे होते फक्त सहा रकाने!

हिशोब सोपा आहे. कमकुवत सिग्नलवर सेकंदाला ५० किलोबिट मिळाले, तर अडीच एमबीच्या पानाला जवळपास सात मिनिटं लागतात. मध्येच सिग्नल गेला, तर पुन्हा पहिल्यापासून. तेच पान १०० केबीचं असेल, तर १६ सेकंद. पहिल्या केसमध्ये माणूस कंटाळून निघून जातो, दुसऱ्यात त्याचं काम होतं.

आणि खरी गोची इथेच आहे, बॉस. निघून गेलेला माणूस आपल्या आकडेवारीत दिसतच नाही! यूट्यूबचे माजी इंजिनिअर क्रिस झकरायस यांचा किस्सा यासाठीच भारी आहे. त्यांनी व्हिडिओचं १.२ एमबीचं पान कापत कापत ९८ केबीवर आणलं. मोठ्या खुशीत आकडे पाहिले, तर पान उघडायचा सरासरी वेळ चक्क वाढलेला! कारण? आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सैबेरिया, आग्नेय आशिया इथले लोक पहिल्यांदाच साइटवर आले होते. आधी त्यांना वीस मिनिटं लागायची, म्हणून ते यायचेच नाहीत. आता दोन मिनिटांत काम होत होतं. म्हणजे "आमच्याकडे स्लो नेटवाले युजर नाहीतच" असं कुणी म्हणालं, तर समजा, दार आपणच बंद केलंय.

मग काय, साइट बोअर करायची? मुळीच नाही. ताडोबाच्या सफारीची साइट असेल, तर वाघाचा फोटो हवाच. पण एक, नीट कॉम्प्रेस केलेला. वाघाचा अख्खा सिनेमा दारातच कशाला? आणि आपली मराठी तर मुळातच स्लिम. हा संपूर्ण लेख साध्या मजकुरात जेमतेम दहा केबीचा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत इर्मा चक्रीवादळ आलं, तेव्हा सीएनएन आणि एनपीआरच्या नुसत्या मजकुराच्या पानांचं कौतुक झालं होतं. संकटात लोकांना बातमी हवी असते, बॅनर नाही. पर्लकोटेला पूर आल्यावर तरी वेगळं काय हवं असतं?

तर, कंपनीची नवी साइट बनत असेल, तर मीटिंगमध्ये हा डाएट प्लॅन मांडा:

• पान किती केबीचं आहे, हे डिझाइन पाहण्याआधी विचारा.
• सरकते बॅनर आणि आपोआप वाजणारे व्हिडिओ बंद.
• आधी मजकूर आणि फॉर्म दिसू दे, फोटो मागाहून येतील.
• देवनागरी फाँट जोडाक्षरांमुळे जड होतात. मोबाइलमध्ये आधीच असलेला फाँट चालतो.
• डेव्हलपरला ब्राउझरमध्ये नेट मुद्दाम स्लो करून साइट उघडायला लावा. सोय क्रोममध्येच आहे.

ताडोबात वाघ दिसायला नशीब लागतं, हे मान्य. वेबसाइट दिसायला लागू नये.