जाळीचं गणित – भाग ६ : पंधरा फेऱ्यांचा निरोप

मागच्या भागात आपण पाहिलं की धरण, पूल किंवा टाकी किती ताण सोसेल हे काढताना अभियंते तिची लहान तुकड्यांची जाळी करतात आणि गाठीगाठीवर बल-हालचालीचं गणित सोडवतात. हेच काम न्यूरल नेटवर्क कसं शिकतं, ते आज पाहू.

उदाहरण कोयना धरणाचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि १०३ मीटर उंचीच्या धरणाला आडव्या भेगा गेल्या. त्या पायाशी नव्हत्या, वर होत्या. पाण्याच्या विरुद्ध अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या सुमारास. बर्कली विद्यापीठाचे अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये जाळीच्याच गणिताने दाखवलं, की ताण त्याच पट्ट्यात सर्वांत जास्त येतो.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा हादरा राजेश्वर-बसवकल्याणकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल. असे धक्के पुन्हा बसू शकतात; मग हजारो कल्पित धक्के देऊन प्रत्येक धरण आधीच का तपासत नाहीत? अडचण वेळेची. बारीक जाळी आणि सेकंदाचे बारीक तुकडे म्हणजे संगणकाला भरमसाट आकडेमोड.

हा वेळ वाचवायला २०२० मध्ये डीपमाइंड या कंपनीच्या टोबियास फाफ आणि सहकाऱ्यांनी ‘मेशग्राफनेट्स’ हे न्यूरल नेटवर्क मांडलं. यात गाठ म्हणजे बिंदू, तिला शेजारच्या गाठीशी जोडणारी कड म्हणजे नातं. बांधाला बांध लागलेले शेतकरी जसे पाण्याच्या पाळीची बातमी शेजाऱ्याला सांगतात, तशी प्रत्येक गाठ आपली स्थिती फक्त शेजाऱ्यांना कळवते. अशा पंधरा फेऱ्या झाल्या, की पुढच्या क्षणी गाठ किती सरकेल याचा अंदाज निघतो. शिकवणीला जुन्याच गणिताने काढलेली उत्तरं असतात. कडेवर दोन गाठींमधलं अंतर आणि दिशा नोंदलेली असते, नकाशावरची जागा नव्हे. म्हणून लहान जाळीवर शिकलेलं मोठ्या जाळीवरही चालतं. फडकणारं कापड, विमानाच्या पंखाभोवतीची हवा, वाकणारा पत्रा यांवर ते जुन्या पद्धतीपेक्षा दहा ते शंभर पट वेगाने चाललं.

मेख इथेच आहे. एका फेरीत निरोप एकच कड ओलांडतो. जाळी बारीक केली की जुन्या पद्धतीचं उत्तर सुधारतं. इथे मात्र तेच अंतर गाठायला जास्त कडा लागतात, आणि फेऱ्या पंधराच. पायाशी बसलेला धक्का त्या क्षणाच्या हिशेबात माथ्यापर्यंत पोचतच नाही. यावर २०२२ मध्ये उपाय सुचवला गेला : बारीक जाळीच्या जोडीला विरळ जाळी ठेवायची, म्हणजे लांबचे निरोप तिच्यावरून जातील.

दुसरी मर्यादा शिकवणीची. उदाहरणांत तडकणारं काँक्रीट नसेल, तर कोयनेसारखी भेग हे नेटवर्क ओळखणार नाही. ते वेगवान आहे, पण शहाणपण जुन्या गणिताकडून उसनं घेतलेलं.

पुढच्या भागात : हजारो पायऱ्यांत साचणारी चूक, आणि ती आवरायला शिकवणीतच मुद्दाम मिसळलेला गोंगाट.