राहुटीचा मुक्काम आणि रानातल्या वाटा

आपण रोज चालतो. शेतावर जातो, पाणवठ्यावर जातो, बाजाराला जातो. पण हे सगळे चालणे कामाचे. डोक्यावर पाटी असते, खांद्यावर अवजार असते, नाही तर पुढे गुरे असतात. वाटेकडे बघायला उसंत नसते. घरातल्या बाईचे तर विचारूच नका. हंडा उतरला की सरपणाची मोळी, मोळी उतरली की शेणाची पाटी. नुसते हिंडायला म्हणून ती कधी बाहेर पडली होती, हे तिला स्वतःलाही सांगता यायचे नाही.

एका म्हातारीला आम्ही म्हटले, "आजी, चला की आमच्याबरोबर डोंगरात. दोन दिवस राहू, हिंडू."

ती म्हणाली, "अन् डोक्यावर काय घ्यायचं?"

"काही नाही," म्हटल्यावर आजी हसायलाच लागली. डोक्यावर काही न घेता रानात जायचे, ही गोष्टच तिला थट्टेची वाटली.

आम्ही इथे सांगणार आहोत ते अशाच बिनओझ्याच्या चालण्याविषयी. राहुटी टाकून राहणे आपल्याला काही नवे नाही. आळंदीहून पंढरपूरला पालखी निघते, तेव्हा दिंडीच्या राहुट्या जागोजाग उभ्या राहतात. मात्र वारीत मुक्काम रोज पुढे सरकतो. इथे तसे नाही. राहुटी एकाच जागी दोन-तीन दिवस ठेवायची. सकाळी हलक्या अंगाने निघायचे, एक वाट धरायची, आणि दिवस मावळायच्या आत राहुटीशी परत यायचे. दुसऱ्या दिवशी दुसरी वाट. शहरातली मुले ह्याला कॅम्पिंग म्हणतात. मुलाबाळांना, बायकांना आणि वयस्कर माणसांनाही हे जमते, कारण ज्याला चालवणार नाही त्याला राहुटीशी बसता येते.

हे करायचे कुठे? महाराष्ट्रात जागा पुष्कळ आहेत. आम्ही एकच सांगतो, भंडारदऱ्याची. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुका आहे. त्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत हे ठिकाण आहे. प्रवरा नदी इथल्याच डोंगरात उगम पावते. तिच्यावर इंग्रजांच्या अमलात धरण बांधले. ते 1926 साली पुरे झाले. खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडे कालव्यांना जे पाणी जाते, उसाचे मळे ज्यावर पिकतात, ते ह्याच पाण्याचे. धरणाच्या मागे डोंगरांच्या मधोमध मोठा जलाशय पसरला आहे. काठाने महादेव कोळी आणि ठाकर लोकांची गावे आहेत. भात, नाचणी, वरई ही त्यांची पिके.

मुंबई-नाशिक रस्त्यावर घोटी लागते. तिथून भंडारदऱ्याकडे फाटा फुटतो. धरणाजवळचे गाव शेंडी. जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला रतनवाडी. आमच्या मते मुक्काम रतनवाडीच्या बाजूला करावा. शेंडीला गर्दी असते, रतनवाडीला निवांत आहे.

दिवस कोणते धरावेत? भाताची कापणी उरकली, की दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत. हवा थंड असते, आभाळ स्वच्छ असते, ओढ्यांना थोडे पाणी असते. पावसाळ्यात डोंगर फार देखणा दिसतो हे खरे. पण लहान मुले घेऊन राहुटीत राहायचे ते दिवस नव्हेत.

राहुटी कुठे ठोकायची, ही गोष्ट नीट समजून घ्या. पहिल्यांदा गावात विचारावे. हा सगळा भाग 1986 पासून अभयारण्यात आहे. वनखात्याचे नियम आहेत, नाक्यावर पैसे भरावे लागतात. शिवाय माळ दिसायला मोकळा असला तरी तो कुणाचा तरी असतो. आपल्या खळ्यात कुणी न विचारता येऊन चूल मांडली, तर आपल्याला आवडेल काय? जागा जरा उंचवट्याची बघावी. ओढ्याच्या पात्रात, मग ते कितीही कोरडे असो, राहुटी टाकू नये. वाळक्या फांदीखाली टाकू नये. तलावाच्या अगदी काठावरही नको. पाणी उतरले की काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळलेला दिसतो, आत ओला असतो, आणि पाय रुततो. पोहायची हौस इथे करूच नये. ज्याला विहिरीत पोहता येते त्याला वाटते, हे काय एवढेसे! पण धरणाच्या पाण्याचा तळ दिसत नाही. त्यात बुडालेली नदी आहे, खड्डे आहेत, झाडांची खोडे आहेत.

आता वाटांकडे वळू.

पहिल्या दिवशी लांब जाऊ नये. जलाशयाच्या कडेकडेने रतनवाडीत जावे. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे. गावात अमृतेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. सगळे काळ्या दगडाचे, आणि दगडावर बोटभरही जागा नक्षीवाचून सोडलेली नाही. जवळच पुष्करणी आहे. तिच्या चारी बाजूंना कोनाडे, आणि कोनाड्यांत मूर्ती. पायऱ्यांवर बसून त्या एक एक करून बघाव्यात. घाई कसली आहे?

देवळाच्या मागून वाट खोऱ्यात शिरते. ही आमची सर्वांत आवडती वाट. प्रवरा इथे नदी म्हणावी एवढी नाही, लहानसा ओढाच आहे. वाट तो पुन्हा पुन्हा ओलांडते. भोवती दाट रान. हिरडा, जांभूळ, आणि खाली कारवीची झुडपे. हिरडा इथल्या लोकांना चार पैसे देतो, ते तो गोळा करून विकतात. कारवी तर ठाऊक असेलच. तिच्या काठ्यांचा कूड करतात, वरून शेणमातीने लिंपतात. पण तिला फूल किती वर्षांनी येते ठाऊक आहे? सात-आठ वर्षांनी एकदा. मग डोंगरच्या डोंगर निळाजांभळा होतो, आणि फुलून, बी टाकून ते झुडूप मरते. आपण जिची भिंत करतो तिचे फूल बघायला सात-आठ वर्षे थांबावे लागते!

पुढे वाटेला फाटा आहे. एक वाट रतनगडावर चढते. दुसरी कात्राबाईच्या खिंडीने हरिश्चंद्रगडाकडे जाते, आणि ती फार लांबची आहे. नवखा माणूस इथे चुकतो. म्हणून गावातला एक माणूस बरोबर घ्यावाच. त्याला त्याच्या दिवसाची मजुरी ठरवून द्यावी, घासाघीस करू नये. तो वाट तर दाखवतोच, पण कोणत्या झाडाचा पाला कशावर चालतो, बिबट्या कुठे पाण्यावर येतो, हेही सांगतो. वाटाड्याला वगळून हिंडणे म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला घालवून देऊन नुसते अंगण बघणे.

रतनगडावर जाताना कातळाला लोखंडी शिड्या लावल्या आहेत. वर बुरूज आहेत, पाण्याची टाकी आहेत, आणि माथ्यावर नेढे आहे. नेढे म्हणजे सुईला असते तसे खडकाला आरपार भोक. त्यात माणसे आरामात बसतात. वारा असा सुटतो की डोक्याचा पदर हाताने धरावा लागतो. ज्यांना शिड्यांची भीती वाटते त्यांनी रानातच सावलीला बसावे, त्यात लाज नाही.

दुसरी वाट कळसूबाईची. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर ते हेच, 1646 मीटर, म्हणजे 5400 फूट. पायथ्याला बारी गाव. कळसू ही कोळ्यांची मुलगी, असे लोक सांगतात. ती एका घरी कामाला राहिली. मी केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, अशी तिची अट होती. घरच्यांनी एक दिवस अट मोडली, आणि ती उठून डोंगरावर निघून गेली, ती तिथेच राहिली. आमच्या बायकांना ही गोष्ट फार पटते! शिखरावर तिचे लहानसे देऊळ आहे. नवरात्रात यात्रा भरते, म्हाताऱ्या बायकासुद्धा चढून जातात. अवघड कातळावर शिड्या आहेत. सवयीच्या माणसाला वर जायला तीन तास लागतात, मुले बरोबर असतील तर चार धरावेत. रविवारी मात्र शिड्यांशी रांग लागते. जमल्यास आठवड्यातला मधला दिवस बघावा.

तिसरी वाट साम्रद गावाजवळच्या सांदण दरीची. सांदण म्हणजे जमिनीला पडलेली भेगच. दोन्हीकडे कातळाच्या उंच भिंती, आणि मधून चिंचोळी वाट. काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंती हाताला लागतील. भर दुपारी आत गारवा असतो. वाटेत पाणी साचलेले असते, त्यातून जावे लागते. मोठमोठे धोंडे चढावे-उतरावे लागतात. पुढे दरी एकदम खाली कोकणाकडे कोसळते. तिथे दोराशिवाय उतरता येत नाही, म्हणून आपण त्याच्या अलीकडूनच मागे फिरायचे.

सांदणीत पावसाच्या दिवसांत पाऊलही टाकू नये. डोंगरातल्या पाण्याची रीत अशी, की पाऊस पडतो वर आणि लोंढा येतो खाली. आपल्या डोक्यावर ऊन असते, आणि ओढा एकाएकी गढूळ होतो. काटक्या, पाचोळा वाहून येऊ लागतो. ही खूण दिसली की सामान तिथेच टाकावे आणि उंच जागी जावे. रुंद नदीत पाणी पसरते, घळीत त्याला पसरायला जागा नसते. ते भिंतीसारखे उभे येते. घळीतल्या माणसालाही जागा नसते.

आता विस्तवाविषयी. थंडीत शेकोटी कुणाला नको असते? पण माघ-फाल्गुनात डोंगराचे गवत वाळून कोळ झालेले असते. एक ठिणगी उडाली आणि वारा सुटला, तर उतारच्या उतार पेटतो. तो आपल्याला रान दिसतो, पण त्या गावाच्या गुरांची ती वर्षाची वैरण असते. गवताबरोबर पाखरांची घरटी जातात, हिरड्याची रोपे जातात. म्हणून चूल मांडायची ती तीन दगडांची, गावकरी दाखवतील तिथेच. भोवतालचे गवत काढून माती उघडी करावी. निजण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतावे, राख हाताला गार लागेपर्यंत ओतावे. वर माती टाकावी. वाटेत विडी ओढणाऱ्यांना तर आम्ही हात जोडतो. ती घरी आल्यावर ओढा.

धुराचा आणखी एक धोका आहे. गडांच्या कड्यांना आग्या मोहळे असतात. खाली धूर केला, दगड मारला, आरडाओरडा केला, की माश्या उठतात. अंगाला अत्तर लावलेल्या माणसाच्याही त्या मागे लागतात. मोहळ दिसले की गप्प राहून पुढे जावे. माश्या उठल्याच, तर हात झाडत उभे राहू नये. तोंड-डोके कापडाने झाकून दूर पळावे.

वाटेवर चालताना जो सर्वांत हळू चालतो त्याला पुढे घालावे, म्हणजे कुणी मागे राहत नाही. पहाटे निघावे. माथा गाठलेला असो वा नसो, ठरलेल्या वेळेला मागे फिरावे. उतरताना पाय थकलेले असतात, आणि अंधारात पाय घसरतो. प्रत्येकाजवळ दोन-तीन लिटर पाणी, भाकरी, गूळ आणि बॅटरी असावी. गवतात काठी आपटत चालावे. साप चावलाच, तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. त्या माणसाला चालू देऊ नये. उचलून वाहनापर्यंत न्यावे आणि 108 ला फोन करावा. गाडीला पैसे पडत नाहीत. खोऱ्यात फोन लागेलच असे नाही, म्हणून कुठे लागतो ते वाटाड्याला आधीच विचारून ठेवावे.

एक राहिलेच. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या सरींच्या आगेमागे, इथली झाडे काजव्यांनी लखलखतात. एक झाड विझते, दुसरे पेटते. हा उजेड म्हणजे नराने मादीला आणि मादीने नराला दिलेली हाक. आपण बॅटरी मारली, गाडीचे दिवे पाडले, की त्यांना ती हाक दिसत नाही. मग अंडी नाहीत, आणि पुढच्या वर्षी काजवे नाहीत. बघायला जायचे तर दिवा विझवून, पायवाट न सोडता उभे राहावे. थोड्या वेळाने डोळे अंधाराला सरावतात.

परतताना राहुटीच्या खुंट्यांची भोके बुजवावीत. प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या आपल्याबरोबर घरी आणाव्यात, तिथे पुरू नयेत, गुरे उकरून खातात. जेवण गावातल्या घरी सांगितले असेल, तर तांदळाची गरम भाकरी आणि आमटी मिळते. त्याचे पैसे घरधनिणीच्या हातात द्यावेत. आणि परतीची एस. टी. किती वाजता सुटते, हे आदल्या रात्रीच विचारून ठेवा. एक गाडी चुकली तर दुसरीसाठी फार वेळ थांबावे लागते.